मूठभर गव्हाचा हिशेब

कोंबडी पाळायची तर तिला हिरवं खायला मिळालं पाहिजे, यात दुमत नाही. माझ्यापुरता प्रश्न वेगळा आहे. गिरगावातल्या वाडीत, मागच्या दाराला लागून असलेल्या चिंचोळ्या अंगणात मी थोड्या कोंबड्या ठेवते. त्यांच्यासाठी घरात गव्हाला मोड आणते आणि वीतभर पाती होईपर्यंत ते कोंब वाढवते. हे मी नक्की कुणासाठी करते? त्यांच्यासाठी, की मला बरं वाटावं म्हणून? कुणी विचारलं की माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पण तयार उत्तरांवर माझा स्वतःचाच विश्वास किती, हे कधीतरी बघायलाच हवं होतं.

काम कुणालाही जमेल असं आहे. घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून गहू पेरायचे आणि दसऱ्याला त्याचे पिवळट तुरे खुडायचे, हे लालबाग-परळच्या प्रत्येक चाळीत लहानपणापासून बघितलेलं. इथे माती नसते, एवढाच फरक. गहू दोन-तीन पाण्यांनी धुवायचे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे आणि रात्रभर भिजत घालायचे. सकाळी निथळून ओल्या पंचात बांधून ठेवायचे. पांढरं टोक फुटलं की रोळीत पातळ पसरायचे, दाण्यावर दाणा चढू द्यायचा नाही. मग सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. आठवड्याभरात पाती वर येतात आणि खाली मुळं एकमेकांत गुंतून त्यांची जाड गादी होते. रोळीतून उचलली की ती अख्खी हातात येते, खालून पांढरी, वरून हिरवी.

मुंबईच्या हवेत यातली खरी मेहनत बुरशीशी असते. श्रावणात घरातल्या चपलांनाही बुरा धरतो, तिथे ओल्या गव्हाचं काय सांगावं. नवख्या माणसाची इथे फसगत होते, कारण कोवळ्या मुळांवरची बारीक लवही बुरशीसारखीच दिसते. पाणी मारून बघायचं. लव मुळाला चिकटून नाहीशी होते. बुरशी मात्र दाण्या-दाण्यांमध्ये जाळी धरून तशीच राहते आणि आंबूस, कुबट वास सोडते. तो वास आला की सगळी रोळी टाकून द्यायची, वरचं चांगलं-चांगलं काढून घ्यायचं नाही. बुरशीने कोंबडीच्या फुप्फुसांवर परिणाम होतो आणि काही बुरशींचं विष दाण्यात उतरून यकृताला बाधतं. पेरणीसाठी मिळणारं, औषध चोळलेलं रंगीत बियाणं तर चुकूनही वापरायचं नाही. ज्वारीची पातीही वाढवू नये. कोवळ्या ज्वारीत विष असतं आणि ती खाऊन गुरं दगावतात, हे घाटावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं.

आता माझं पहिलं तयार उत्तर. किलोभर गव्हाचा पाच-सहा किलो चारा होतो, म्हणजे हे किफायतीचं काम आहे, असं मी लोकांना सांगत आले. वजनाचा हा आकडा खोटा नाही. पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. हिरवा चारा वाळवून तोलला तर तो मूळ गव्हापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण दाण्यातला साठा खर्चूनच कोंब उभा राहतो. अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्या साठ्यात भर घालण्याइतकं ऊनही पातीला मिळत नाही. शिवाय कोंबडी म्हणजे काही गाय नव्हे. तिला तंतुमय पाला फारसा पचत नाही. लांब पाती पोटभर खाल्ली तर गळ्याखालची पिशवी तुंबते. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणाऱ्या अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा टक्के प्रथिनं लागतात आणि कवचासाठी भरपूर कॅल्शियम लागतं. एका अंड्याच्या कवचातच जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते गव्हाच्या पातीतून येत नाही. त्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ धुवून, भाजून, कुटून घालाव्या लागतात आणि मुख्य खाद्यही वेगळं द्यावं लागतं. पोषणच बघायचं तर पांढरं टोक फुटलेला दोन-तीन दिवसांचा मोड वीतभर पातीपेक्षा सरस. म्हणजे किफायत हे कारण टिकत नाही. मग मी ती पाती का वाढवते? ती दिसायला सुंदर असते म्हणून. भरल्या रोळीकडे बघून मला आपण काहीतरी निर्माण केल्याचं समाधान मिळतं. त्या समाधानाशी कोंबडीचा काही संबंध नाही.

हे कबूल केल्यावर गव्हाचा प्रश्न जास्तच टोचतो. मी गिरणी कामगाराची मुलगी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी मिटलाच नाही. त्या काळात लालबागच्या आमच्या खोलीत आई धान्य मापट्याने नव्हे, मुठीने मोजायची. ज्या दिवशी वडील गावाकडून कुणाबरोबर तांदूळ मागवायचे, त्या दिवशी घरात बोलण्याचा सूर बदलायचा. डब्याच्या तळाशी मूठ घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. म्हातारपणी आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा ओट्यावर भिजलेले गहू बघून तिने विचारलं, "कुणाचं गं हे?" मी म्हटलं, "कोंबड्यांचं." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुला परवडतंय ना, मग घाल. पण आपण काय घालतोय ते विसरू नको."

मी विसरले नाही. पण ते लक्षात ठेवून वेगळं काय केलं? दादरच्या घाऊक भाजी बाजारात पहाटे फ्लॉवरचा पाला, मुळ्याची पानं, कोथिंबिरीच्या काड्या पायाखाली तुडवल्या जातात आणि दिवस उजाडल्यावर पालिकेच्या गाडीत भरल्या जातात. कोंबडीला हिरवं हवं असेल तर ते तिथे ढिगांनी पडलेलं असतं. त्यावर फवारलेल्या औषधांची भीती मला वाटते आणि ती अगदी निराधारही नाही. तरी तोच फ्लॉवर मी घरी आणते, मिठाच्या पाण्यात टाकते आणि मुलांना खायला घालते. मग कोंबड्यांच्या बाबतीतच मी एवढी सोवळी का होते? खरं कारण असं की पाला वेचायला वाकावं लागतं, लोक बघतात आणि हातात ओल्या कचऱ्याची पिशवी धरून लोकलमध्ये चढावं लागतं. घरातल्या रोळीतला गहू स्वच्छ असतो, कुणाला दाखवता येतो. माणसाच्या तोंडचं धान्य मी वापरते, त्यामागे काही अंशी ही लाज आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

दुसरं तयार उत्तर बलकाचं. आमच्या अंड्याचा बलक गडद केशरी असतो, बाजारच्या अंड्याचा फिकट. बघा, हिरव्याचा गुण! बलकाला रंग येतो तो पाल्यातल्या आणि मक्यातल्या रंगद्रव्यांमुळे, हे खरं आहे. पण तोच रंग झेंडूच्या पाकळ्यांच्या अर्कानेही आणता येतो. मोठ्या फार्मांवर खाद्यात तो मिसळतात आणि आपल्या देशातून असा अर्क परदेशीही जातो. दादरच्या फूल बाजारात दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूचे जे डोंगर उभे राहतात, तेच रंगद्रव्य. म्हणजे आयुष्यभर पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कोंबडीच्या अंड्यालाही हवा तेवढा केशरी बलक देता येतो. रंगावरून कोंबडीने काय खाल्लं ते कळतं, ती कशी जगली ते कळत नाही. आल्या-गेल्याला अंडं फोडून दाखवताना मी मात्र त्या रंगाकडून माझ्या चांगुलपणाची साक्ष काढत होते.

तिसरं उत्तर सगळ्यांत मजबूत वाटणारं: निदान माझ्या कोंबड्या पिंजऱ्यात तरी नाहीत. आपल्याकडचा अंड्यांचा धंदा आज एवढा मोठा दिसतो, त्याच्या उभारणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, शेतकऱ्याला अंड्याचा भाव ठरवण्यात आवाज मिळाला आणि गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं आली. हे काम मी हलकं मानत नाही. आमच्यासारख्यांच्या घरात अंडं रोजचं झालं ते त्यामुळेच. पण त्याची किंमत कोंबडीने दिली. ओळीने लावलेल्या तारेच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला कागदाच्या ए-फोर पानापेक्षाही कमी जागा येते. पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपला २६९वा अहवाल याच विषयावर, अंड्यावरच्या आणि मांसाच्या कोंबड्यांना कसं ठेवावं आणि कसं न्यावं यावर दिला. त्या मानाने माझं अंगण म्हणजे स्वर्गच, असं मी म्हणत आले.

पण सर्वांत वाईटाशी तुलना करून कुणाचं काही सिद्ध होतं का? गिरण्यांच्या काळात शेजारचा नवरा बायकोला मारतो, आपला नाही, म्हणजे आपला चांगला, असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आयुष्याचं मोजमाप त्याने होत नव्हतं. माझ्या कोंबड्यांचंही पिंजऱ्यावरून करता येत नाही. त्यांना काय हवं, हे त्यांच्याकडे बघूनच ठरवायला हवं.

आणि बघितलं की उत्तर मिळतं. मोकळी कोंबडी दिवसाचा बराचसा वेळ जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. शेजारी दाण्याने भरलेलं भांडं ठेवलं तरी ती उकरून शोधून खाते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे प्रयोग करून पाहिलं आहे आणि ज्याच्या दारात कोंबडी आहे त्याला ते प्रयोगाविनाही दिसतं. पाय मागे ओढायचे, एक पाऊल मागे सरायचं, मान तिरकी करून एका डोळ्याने बघायचं, मग चोच मारायची. आमच्या अंगणात पूर्वी माती होती. पावसात चिखल होतो म्हणून वाडीने पैसे काढून तिथे फरशी घातली, आणि त्या वेळी मीही हो म्हटलं होतं. फरशीवर कोंबडी उकरते तेव्हा नखांचा खरखर आवाज होतो, पण हाती काही लागत नाही. थोड्या वेळाने ती तिथून बाजूला होते आणि पुन्हा तेच करते. तिचं काम आम्ही काढून घेतलं. बदल्यात मी तिच्यापुढे हिरव्या पातीची तयार थाळी ठेवली आणि त्यालाच माया म्हटलं.

हे कळल्यावर मी पद्धत बदलली. आता बहुतेक मोड आखूडच काढते. एका कोपऱ्यातल्या चार फरशा काढवून घेतल्या, तिथे माती, वाळकी पानं आणि नारळाची किशी टाकली आहे. मोड त्यात मिसळून पुरते. पाती वाढवलीच तर ती चिरून घालत नाही. मुळांची गादी अख्खी उलटी टाकते, म्हणजे ती फाडायला त्यांना अर्धी दुपार लागते. गव्हाचं प्रमाण कमी करून दादरचा पाला आणते, धुते आणि दोरीने बांधून टांगते. यातून गव्हाची बचत झाली, पण मुख्य म्हणजे कोंबड्यांना दिवसभराचं काम मिळालं. उरलेला ओला चारा संध्याकाळी उचलावाच लागतो, कारण तो राहिला की उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदीर आले की लेप्टो येतो. गिरगावात भिंतीला भिंत आहे. माझ्या कोंबड्यांवरच्या मायेची शिक्षा शेजारच्या पोराला नको.

शेजारचा विषय निघालाच, तर आमच्या वाडीतल्या एका गुजराती काकींबद्दल लिहायला हवं. त्या अंड्याला शिवत नाहीत, पण माझ्या कोंबड्यांना मूग घालायला रोज येतात. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यात लोकांनी दाणे टाकू नयेत म्हणून त्यावर ताडपत्री घातली गेली, पुढे ऑगस्टमध्ये जमावाने ती फाडली, आणि वाडीतही दोन तट पडले. माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं आणि आजही आहे: हजारो कबुतरांच्या विष्ठेने माणसांच्या फुप्फुसांना होणारा आजार दाणे घालण्याच्या पुण्यापेक्षा मोठा आहे. मी काकींना म्हटलं, "दाणे टाकून निघून जायचं, यात जबाबदारी कुठे आली? मी पाळते, तर त्यांचं सगळं बघते." काकी शांतपणे म्हणाल्या, "सगळं? मग ती म्हातारी झाली, अंडी द्यायची थांबली, की काय करणार बेटा?"

त्या प्रश्नाला बगल देता येत नाही. चांगली अंडी देण्याचा काळ पहिली दीड-दोन वर्षं. त्यानंतर ती हळूहळू कमी होतात, आणि कोंबडी सहा-आठ वर्षं सहज जगते. फार्मवर उतरलेली कोंबडी विकून टाकतात. कोकणात ती पाहुण्यांसाठी किंवा राखणेसाठी कापतात. माझ्या माहेरीही तेच होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही सरसकट वावगं वाटत नाही. आमच्या घरात रविवारी चिकन येतं. मी ते करते आणि खाते. दुकानातला ब्रॉयलर जेमतेम सहा आठवडे जगलेला असतो, हेही मला माहीत आहे. तोंडओळख असलेल्या कोंबडीला मी आठवडाभर खपून हिरवं घालते आणि तोंडओळख नसलेलीला कढईत. या दोहोंमधली भिंत मी उभी केलेली आहे, तिला दुसरा काही आधार नाही. ती पाडायचं धैर्य अजून माझ्यात नाही. पण ती आहेच, हे तरी मला नाकारायचं नाही.

आणखी मागे जावं तर मूळ खरेदीपाशी यावं लागतं. माझ्या पहिल्या पिल्लांची खरेदी क्रॉफर्ड मार्केटमधली. ज्या उबवणी केंद्रात अंड्यावरच्या जातीची मादी पिल्लं तयार होतात, तिथे तेवढीच नर पिल्लंही जन्मतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी भरत नाहीत, म्हणून बहुतेकांना पहिल्याच दिवशी मारतात. काही गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून जत्रेत आणि रस्त्यावर मुलांना विकली जातात. मी माझ्या मुलीला ती पिल्लं कधी घेऊन दिली नाहीत आणि त्याचा मला अभिमान होता. पण मी निवडून घेतलेल्या प्रत्येक मादीमागे तिचा एक भाऊ होता. त्याची किंमत माझ्या अंड्याच्या हिशेबात कधी धरली गेली नाही.

मग काय करायचं? आमच्या वाडीचा पुनर्विकास ठरला आहे. सह्या झाल्या आहेत, आणि बाराव्या-पंधराव्या मजल्यावर कोंबड्या नेता येणार नाहीत. मी माझ्या दिरांना गावी फोन केला. त्यांचं परसू मोठं आहे, माती आहे, आंब्याखाली पाचोळा आहे. मी म्हटलं, "भावोजी, चार-पाच कोंबड्या पाठवू का? पण त्या कापायच्या नाहीत, अंडी देईनाशा झाल्या तरी." ते थोडं थांबून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगताय म्हणून ठेवतो. पण रिकाम्या कोंबडीला दाणा घालायचा तर तो यायचा कुठून?" त्यांचं बोलणं मला लागलं नाही, कारण ते आईच्याच सुरातलं होतं. कोंबड्या गावी पाठवून त्यांचा खर्च दुसऱ्याच्या धान्यावर टाकणं म्हणजे आपल्या मायेचं बिल त्यांच्या नावे फाडणं झालं असतं.

तेव्हा असं ठरलं आहे: दाण्याचे पैसे दर महिन्याला मी पाठवायचे, शेवटची कोंबडी असेपर्यंत. मानमोडीची लस वेळच्या वेळी टोचून घ्यायची, त्याचाही खर्च माझा. मुंगूस, कोल्हा किंवा आजाराने एखादी गेली तर जाब विचारायचा नाही. आणि या कोंबड्यांनंतर नवी पिल्लं विकत घ्यायची नाहीत, ना इथे, ना गावी. गव्हाची रोळी मी जाऊबाईंसाठी पाठवणार होते, पण भावोजी म्हणाले, पावसाळ्यात परसवात हिरवंच हिरवं असतं, गहू भिजवायची गरज काय. रोळी इथेच राहील, तांदूळ धुवायला.